उलटा टांगलेला कॅमेरा

"तुमच्या लिंबांच्या धास्तीने माझ्या आईचं जेवण सुटलंय!" शेजारचा हर्षल पिंगळे सोसायटीच्या भर मीटिंगमध्ये माझ्यावर ओरडला. कुंकू लावलेली लिंबं त्यांच्या उंबऱ्यावर सापडत होती आणि चेटकीण ठरले होते मी.

पुरावा हवा म्हणून त्याने तळहाताएवढ्या सर्किट-बोर्डाच्या कॉम्प्युटरला कॅमेरा जोडून आमच्या दोन्ही दारांसमोर छताला उलटा टांगला होता. त्याच्या लॅपटॉपवरून भिंतीवर व्हिडिओ सुरू झाला. पहाटेच्या अंधुक उजेडात, डोक्यावरून पदर घेतलेली बाई डावीकडच्या, म्हणजे माझं दार असतं त्या बाजूच्या दारातून निघाली, उजव्या दारात लिंबू ठेवून परतली. एवढं बघून हर्षलने पुढचं बघितलंच नव्हतं.

"लाज वाटते का बाई?" सेक्रेटरी म्हणाले.

"त्या डाव्या दारावरची पाटी मोठी करून दाखव," मी हर्षलला म्हणाले.

त्याने केली. अक्षरं आरशातल्यासारखी उलटी होती, आणि नाव होतं पिंगळ्यांचं. उलट्या कॅमेऱ्याचं चित्र सरळ करताना शहाण्याने फक्त खालचं वर केलं होतं. डावं-उजवं उलटंच राहिलंय, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्याचा हात लॅपटॉप मिटायला गेला.

"मिटू नकोस. पुढे मी दिसेन, तेच लिंबू केरसुणीने तुमच्या दारात परत लोटताना."

मग मी पहिल्या रांगेत बसलेल्या त्याच्या आईकडे वळले. पदर अजून डोक्यावरच होता.

"घास का उतरत नव्हता ते आता कळलं, पिंगळेबाई. स्वतःचंच लिंबू रोज घरी परत येत होतं ना?"