भिंतीवरचे चौकोन

ती अंघोळ करून बाहेर आली तेव्हा भिंत कोरी होती.

"कशी चकाचक केली बघ," बाबा म्हणाले. ते घरं रंगवायचं काम करत. आज खोली सोडायची म्हणून पहाटेच्या गाडीने येताना भिंत खरवडायचा पुट्टीचा पत्रा सोबत आणला होता. तिने भिंतीवर लावलेल्या पाच वर्षांच्या चिठ्ठ्या काढून, टेपचा डाग न डाग खरवडून त्यांनी सगळं एका पिशवीत भरलं होतं.

ती खोलीच्या मधोमध उभी. केसांतून पाणी गळतंय. हातात एक मोजा.

"अगं, आवर ना. दहाला पदवीदानाच्या हॉलवर पोचायचंय. सव्वानऊ झाले."

"आता काय करायचं?"

"म्हणजे?"

"पुढचं तिथे होतं."

"पदवी घ्यायला निघाली पोरगी, आणि केस पुसायचंसुद्धा लिहून ठेवावं लागतं?" बोलून गेले आणि बाबांनी जीभ चावली.

"हो," ती म्हणाली. रागावली नव्हती. "ऑटिझम म्हणतं, ठरलंय तसंच कर. एडीएचडी म्हणतं, सोड, ते बघ खिडकीत काय आहे. डोक्यात दोन भाडेकरू आणि एकच न्हाणीघर. चिठ्ठ्या होत्या म्हणून भांडणं मिटत होती."

बाबांनी पिशवी पलंगावर उपडी केली.

"कुठली कुठे होती, सांग. लावतो."

"मला नाही सांगता येणार. मी फक्त बघत जायचे."

ती तशीच उभी. मोजा तसाच. सव्वानऊचे नऊ वीस.

बाबा भिंतीपाशी गेले. ओल शोधताना करतात तसा गाल भिंतीला लावून खिडकीच्या उजेडात तिरकं पाहिलं. सगळीकडचा रंग उडाला होता, पण जिथे जिथे कागद होता तिथे तो पहिल्यासारखा होता. लहान चौकोन, मोठे चौकोन. जुने ठळक, अलीकडचे जेमतेम दिसणारे. बाबांनी मास्किंग टेप काढली. कागद उचलायचा, चौकोनाशी ताडून बघायचा, चिकटवायचा. आणि मोठ्याने वाचायचा.

केस पुस. पूर्ण. अर्धे नाही.

तिने टॉवेल उचलला.

मोजे दोन असतात.

"हे चांगलंय," बाबा म्हणाले. ती दुसरा मोजा शोधायला वाकली.

डबा भरलास. आता तो पिशवीत टाक.

एकच पान वाच. फक्त एक.

वर्गात आवाज असह्य झाला तर बाहेर जा. परत ये. परत येणं महत्त्वाचं.

नापास झालीस. आज जेव. उद्या फॉर्म भर.

ही चिठ्ठी जाड लागली. कोपऱ्यांवर टेपचे थर होते. बाबांनी नखाने मोजले.

"चार?"

"चारदा लावली."

"मला तर दोनदाच सांगितलंस, नापास झाले म्हणून."

"तुम्ही दोनदाच विचारलंत."

टेबलासमोरच्या सगळ्यात ठळक चौकोनावर बाबांनी ती चिठ्ठी बसवली, चारही कडा अंगठ्याने दाबल्या. पुढची उचलली.

रविवार. बाबांचा फोन. एक, जेवले म्हणून सांग. दोन, त्यांचा गुडघा विचार. तीन,

तिसऱ्यापर्यंत ते पोचलेच नाहीत, दुसऱ्यावरच अडकले. गेली पाच वर्षं कामावरच्या सगळ्यांना ते ऐकवत आले होते, माझी पोरगी एक रविवार गुडघा विचारायला चुकत नाही.

"म्हणजे हे... लिहिलेलं होतं?"

"हो." ती बुटाची नाडी बांधत होती, वर न बघता. "केस राहतात पुसायचे. जेवायचं राहतं. गुडघा राहू द्यायचा नव्हता."

बाबांनी ती चिठ्ठी चौकोनात लावली. जरा वाकडी लागली, तर काढून पुन्हा लावली.

पावणेदहाला ती तयार होती. भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिने एकदा नजर फिरवली आणि थेट दारात आली. दाराची चिठ्ठी बाबांनी आधीच लावून ठेवली होती.

कुलूप. ओढून बघ. एकदाच.

तिने कुलूप लावलं, ओढलं, जिना उतरू लागली. बाबांनी ओढलं. दोन पायऱ्या उतरून पुन्हा वर येऊन ओढलं.

"एकदाच, बाबा," खालून आवाज आला.

"आलो, आलो."

पण ते लगेच निघाले नाहीत. कानावरची पेन्सिल काढली, टेपचा तुकडा फाडला, गुडघ्यावर धरून चार शब्द लिहिले आणि तो तुकडा खिशातल्या, रोज हातात असणाऱ्या पत्र्याच्या मुठीला घट्ट गुंडाळला.

रविवार. तिला तिसऱ्यांदाही विचारायचं.