अण्णांची बाजू

कोळी जिवंत होता. भिंगाखाली, पानाच्या शिरेला धरून तो तुरुतुरु पळत होता. अण्णांनी पान उलटसुलट करून पुन्हा पाहिलं. पान अजून ओलं होतं; सकाळीच त्यांनी स्वतःच्या हाताने त्यावर औषध मारलं होतं. टाचणीच्या टोकाएवढाही नसलेला तो पिवळसर जीव औषधात न्हाऊन निघाला होता आणि ठणठणीत होता.

"मी याला मारतोय की आंघोळ घालतोय?" अण्णा पुटपुटले.

त्यांना काही उमगेना. हंगाम सुरू झाला तेव्हा ढोबळी मिरचीच्या त्या पॉलिहाऊसची वाटणी झाली होती. आधीच्या पिकाची फुलकिड्यांनी पार वाट लावली होती. पानं आक्रसलेली, फळांवर ओरखडेच ओरखडे. औषधांना ते दाद देईनात. सूनबाई म्हणाली, फवारणी बंद करू, फुलकिडे खाणारे कोळी विकत मिळतात, ते सोडू. अण्णांनी ऐकून घेतलं आणि त्या दिवशी ते जेवलेच नाहीत. आयुष्य पाठीला पंप बांधून काढलेला माणूस. 'अण्णांचाच हात हवा' म्हणत लोक लांबलांबून बोलवायला येत. शेवटी मुलाने तोडगा काढला. मधोमध प्लास्टिकचा पडदा टांगला. एक बाजू अण्णांची, एक सूनबाईची. ज्या बाजूचं पीक उजवं, तीच रीत पुढे सगळीकडे.

अण्णांचे हात थरथरायचे, त्यामुळे औषध कालवून टाकी भरून द्यायचं काम सूनबाईकडे आलं. ती दुधाळ पाण्याने भरलेली टाकी आणून ठेवायची. अण्णा झाकण उघडून खोल श्वास घ्यायचे. "आज वास कडक आहे हं." ती म्हणायची, "हो ना." मग ते सढळ हाताने फवारायला लागायचे. पानांच्या वरून, खालून, वाटेवर, खांबांवर. एक सकाळ चुकवली नाही.

आणि अण्णांची बाजू जिंकली. पानं रुंद, फळं आरशासारखी. पडद्यापलीकडे सूनबाईची झाडं रुसल्यासारखी उभी होती, पानांवर चंदेरी चट्टे घेऊन. अण्णांनी खरं तर मिशीला पीळ द्यायचा. पण त्यांचं डोकंच चालेना. जिथे कोळी सोडले तिथे फुलकिडे माजले. जिथे औषध मारलं तिथे फुलकिडे मेले, आणि पलीकडून वाट चुकून आलेले कोळी मात्र मजेत. भरीस भर म्हणजे एरवी फवारणी झाली की डोळे चुरचुरायचे, खोकल्याची उबळ थांबायची नाही. यंदा त्यातलं काही नाही. म्हातारपणी तब्येत सुधारते, असं त्यांनी आजवर कुणाकडून ऐकलं नव्हतं.

मुलाला असला काही गोंधळ पडला नाही. त्याने दोन्ही बाजू पाहिल्या आणि म्हणाला, "अण्णा, मानलं तुम्हाला. आजच औषध आणतो. उद्यापासून दोन्हीकडे." गाडी काढून तो बाजाराकडे गेलासुद्धा.

सूनबाई नळाखाली टाकी विसळत होती. अण्णा भिंग घेऊन तिच्याजवळ आले.

"सूनबाई, त्याला फोन करून औषधाचं नाव सांग. तू घालतेस तेच आणू दे. फार हुशार औषध आहे, तोंड बघून मारतं."

तिचे हात थांबले. नळ तसाच वाहत राहिला.

"त्याला नाव नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"पाणी आहे, अण्णा. रंगापुरतं थोडं दूध घालते."

अण्णा तिच्याकडे बघतच राहिले. "पण मी रोज वास घेत होतो."

"तुमचं नाक कधीच गेलंय. मला ठाऊक होतं. आता छाती जाईल, असं डॉक्टर म्हणाले. तुम्हाला 'घरी बसा' म्हटलं असतं, तर बसला असता?"

अण्णांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे सगळा हंगाम मी लहान पोरासारखा पाणी उडवत होतो! आणि तू बघत होतीस!"

ती खाली मान घालून उभी राहिली. अण्णांनी भिंग कट्ट्यावर आदळलं आणि ते तरातरा दाराकडे निघाले. दारात पोहोचले आणि थांबले. राग होता, पण त्याहून मोठं काहीतरी डोक्यात अडकलं होतं. ते मागे वळले.

"मग माझ्याकडचे फुलकिडे मारले कुणी?"

"कोळ्यांनी. त्यांच्या पुड्या मी दोन्हीकडे सारख्याच बांधल्या होत्या. तुमच्या बाजूला पानांच्या आड. तरी माझ्याकडे ते टिकेनात, आणि का टिकत नाहीत ते मलाही कळेना. जिथून आणते त्यांना काल विचारलं. कोरड्या हवेत त्यांची अंडी सुकून जातात म्हणे. त्यांना दमट लागतं." तिने वर पाहिलं. "ते तुम्ही जगवलेत, अण्णा. रोज भिजवून."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मुलाचा होता, तो दुकानात उभा होता आणि कोणतं औषध आणू, म्हणून विचारत होता. सूनबाईने निमूटपणे फोन सासऱ्यांपुढे धरला.

अण्णांनी पडद्यापलीकडच्या मलूल झाडांवरून एकदा नजर फिरवली आणि घसा खाकरला.

"औषध घरात आहे," ते म्हणाले. "तू आणखी एक पंप घेऊन ये. उद्यापासून पलीकडची बाजू सूनबाई मारणार आहे, माझ्या हाताखाली."