बोटं किती?

"बोटं किती, एवढंच विचारतो म्हातारा," पिकअपमध्ये डॅरेल हसत म्हणाला. "आणि उत्तर नेहमी दोन. कॉलेजात चार वर्षं फुटबॉल खेळलो, अमेरिकन. धडक बसली, डोळ्यांपुढे अंधार आला, की मला बाजूला न्यायचे. संघाचा डॉक्टर हा हेन्सच, तो दोन बोटं दाखवायचा. दोन म्हटलं की परत मैदानात. मी तर बघायचोही नाही."

जोलीनने दवाखान्यापुढे गाडी लावली आणि किल्ली काढून घेतली. गेल्या आठवड्यात रस्त्यावरचा बर्फ सारता सारता तिचा नवरा डॅरेल बर्फ सारायच्या सरकारी गाडीसकट रस्त्याकडेच्या कुचेरांच्या शेतात शिरला होता आणि इंजिन चालू ठेवून तीन तास तिथेच बसून राहिला होता. आता डॉक्टरांचा दाखला मिळाला तरच काउंटीचं रस्ते खातं त्याला परत कामावर घेणार होतं. हेन्सकडेच जायचं, हा हट्ट त्याचा.

हेन्स आता ऐंशीच्या पुढे गेले होते. त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवर जुन्या संघाचा फोटो होता. मधोमध बावन्न नंबरचा डॅरेल, समोरच्यांना धडकून अडवणारा लाइनबॅकर, हेल्मेट काखेत, मान खांद्यांतच रुतलेली.

"काय लाइनबॅकर, डोकं काय म्हणतंय?"

"जागेवर आहे, डॉक. ही उगाच घाबरते."

"महिना कोणता चालू आहे?"

"बर्फाचा."

डॉक्टर हसले. जोलीन हसली नाही.

"मुलीचं नाव काय तुझ्या?"

डॅरेलने बायकोकडे पाहिलं. "हिला विचारा. घरात बोलायचं खातं हिचं." मग कानापर्यंत लाल होत तो म्हणाला, "डॉक, आपलं ते विचारा ना. बोटांचं."

डॉक्टरांचा हात वर गेला. सवयीने दोन बोटं उभी राहिली. मग त्यांनी ती एकेक करून मिटली. नुसती मूठ उरली.

"किती?"

"दोन!" डॅरेल टोपी घेऊन उठलाच. "बघितलंस?" तो जोलीनला म्हणाला. डॉक्टरांच्या खांद्यावर थाप मारून तो बाहेर पडला.

डॉक्टरांची मूठ तशीच वर होती.

"तेव्हाही तो बघत नसे," ते म्हणाले. "मला ठाऊक होतं."

"आणि तुम्ही? तुम्ही तरी त्याच्याकडे बघत होतात का?"

डॉक्टरांनी हात खाली घेतला.

"मी गुणफलकाकडे बघायचो."

त्यांनी दाखल्याचा कागद ओढला आणि 'अपात्र'पुढे खूण केली. सही करायला त्यांना वेळ लागला.

बाहेर हॉर्न वाजला. परत वाजला. डॅरेल स्टिअरिंगमागे जाऊन बसला होता आणि तिला लवकर यायला खुणावत होता. जोलीन खिडकीशी उभी राहिली. किल्ली तिच्या मुठीत होती.