वाडीचं कुंपण

शासनाच्या निधीतून नहराकाठची पायवाट फिरायला, सायकल चालवायला गुळगुळीत झाली. दिवेही लागले. तिला लागूनच ओमप्रकाशची वांग्याची वाडी. रानडुकरं येतात म्हणून दिवस मावळला की तो कुंपणाच्या तारेत करंट सोडायचा.

“आता लोकं फिरतात तिथं. बंद करा ना ते,” त्याची बायको छाया रोज म्हणायची.

“लोकं रस्त्यानं जातात, कुंपणावरून नाई.”

आज त्यानं बटण दाबलं आणि थोड्याच वेळात लाइट गेली. बटण तसंच चालू ठेवून तो वांग्याचं पोतं बांधू लागला.

“बाबा!”

पायवाटेवर अंधार झाला म्हणून त्याची पोरगी सायकलवरून उतरली होती. कुंपणाची तार धरून उभी होती.

“पिंके, तार सोड!”

“काऊन?”

पायवाटेवरचे सगळे दिवे एकदम लागले.