जुनी वर्दी

सुभेदार चुडामण पाटील फौजेतून निवृत्त झाले आणि पुढच्याच निवडणुकीत मध्य प्रदेशच्या विधानसभेत विधायक म्हणून निवडून आले. रोज सकाळी अवघं खकनार गाव गाऱ्हाणी घेऊन त्यांच्या ओट्यावर जमायचं. त्या गर्दीत त्यांची सख्खी माय, मथुराबाई, हात जोडून उभी राहायची. म्हातारपणानं तिला सगळं विसरायला लावलं होतं, फक्त लेक सरहद्दीवर असतानाचे दिवस तेवढे आठवत होते.

"साहेब, माह्या चुडामणले छुट्टी मिळवून द्या ना. कधीचा घरी आला नाही तो."

"अगं माय, मीच तुझा चुडामण," हे सांगून सांगून त्यांची जीभ झिजली. मग एका सकाळी त्यांनी पांढरा कुर्ता उतरवला, पेटीतली जुनी वर्दी चढवली, पदकं लावली आणि घराच्या दारात उभं राहून मायला कडक सॅल्यूट ठोकला. निदान वर्दी तरी ती ओळखेल!

मायनं वर्दी ओळखली. दाराची चौकट धरून ती मटकन खाली बसली.


"शेजारच्या कमलाबाईच्या दारातबी असाच एक वर्दीवाला आला होता, तिच्या पोराची खबर घेऊन... खरं सांगा साहेब, माहा चुडामण गेला ना?"