साडेसहा नंबर

"याहून मोठं काढा," म्हणत त्यानं ट्रॉम्बोनच्या फुंकायच्या टोकातून चौथं माउथपीस उपसलं आणि काउंटरवर ठेवलं.

दुकानवाल्या बाईंनी खालचा खण ओढला. त्याची बायको बाजूच्या स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. आज संध्याकाळी बँडचा कार्यक्रम. एकवीस वर्षं मागच्या रांगेत बसून काढल्यावर पहिल्यांदाच त्याला एकट्याला पुढे उभं राहून वाजवायचं होतं, चांगलं दीड मिनिट. आणि नेमका आज सकाळी सरावाला बसल्यावर त्याला शोध लागला की आपलं माउथपीस आपल्याला लहान होतंय. हातातलं काम टाकून तिला सोबत यावं लागलं.

"ओठ मागे गेलेत हो," तो बाईंना सांगत होता. "नवी कवळी बसवल्यापासून. डावीकडून सगळी हवा निसटते."

त्याचे शब्दही जरा जड येत होते. तेही कवळीचेच प्रताप, असं बायकोनं सकाळीच ठरवून टाकलं होतं.

"तुमचं जुनं बारा नंबर. हे साडेसहा बघा," बाई म्हणाल्या. "याच्या वर नको. तुमच्या ट्रॉम्बोनची नळी बारीक, तिला झेपायचं नाही."

"बारापेक्षा साडेसहा मोठं?" बायकोनं विचारलं.

"यांचं असंच. नंबर जेवढा लहान, तेवढं तोंड मोठं."

"म्हणजे आमच्या धाकट्या नणंदेसारखं."

तो हसला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहतच राहिल्या.

"वाजवा," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता.

त्यानं साडेसहा बसवलं, ट्रॉम्बोन डाव्या हातात तोलला आणि फुंकर घातली. सूर नाही, नुसतं फुर्र. ट्रॉम्बोनचा भोंगा हळूहळू खाली येत काउंटरच्या काचेला टेकला.

"अहो, काच," बायको म्हणाली. "हात वर धरा ना."

"वरच आहे," तो म्हणाला.

बाईंनी काउंटरला वळसा घातला, ट्रॉम्बोन त्याच्या हातून काढून घेतला आणि त्याला खुर्चीवर बसवलं.

"गाल फुगवा बघू."

"फुगवायचे नसतात, हे शिकण्यात माझी दोन वर्षं गेली, बाई."

"आज फुगवा."

त्यानं फुगवले. उजवा गाल चेंडूसारखा टम्म झाला. डावा तसाच लोंबत राहिला, आणि त्या बाजूच्या ओठाच्या कोपऱ्यातून हवा सुस्कारत निघून गेली.

बायको उठली. तिच्यामागे स्टूल कलंडलं, ते तिला ऐकूच आलं नाही.

"कधीपासून हे?" बाईंनी फोन कानाला लावला होता.

"सकाळी चहा सांडला त्यांच्या शर्टावर. ओठातून ओघळला."

"किती वाजता?"

"मी म्हटलं, लाळेरं बांधू का. हसले मी."

"ताई, किती वाजता?"

"साडेनऊ."

भिंतीवरच्या घड्याळात दहा चाळीस झाले होते. बाईंनी फोनवर साडेनऊ दोनदा सांगितलं.

तो दोघींकडे आळीपाळीनं पाहत होता, वर्गात दुसऱ्याच्या चुकीसाठी उभं केल्यासारखा. "मला काहीही झालेलं नाही," तो म्हणाला. "कवळी आहे ती."

बायकोनं त्याचा डावा हात दोन्ही हातांत घेतला. त्या हातानं तिचा हात धरला नाही.

आठ मिनिटांत रुग्णवाहिका आली. स्ट्रेचरवरून बाहेर जाताना त्यानं मान वळवली. "साडेसहाच ठेवा बाजूला. संध्याकाळी लागेल."

"ठेवतील," बायको म्हणाली.

गाडीत चढता चढता ती थांबली. बाई फुटपाथपर्यंत आल्या होत्या, ट्रॉम्बोनमधून काढलेलं साडेसहा नंबर त्यांच्या मुठीत होतं.

"तुम्हाला कसं कळलं हो?"

"मागे एकजण असाच आला होता," बाई म्हणाल्या. "त्याला मी मोठं दिलं. बरोबर बसलं म्हणून खूश होऊन गेला."