यंदाची गाडी

श्रीनिवासराव खाली वाकले, चष्मा कपाळावर सरकवून भिंग लावलं आणि नव्या गाडीच्या दारापाशी ठोकलेली पाटी वाचू लागले. महिना फेब्रुवारी, साल चालू. आकडा त्यांनी दोनदा वाचला. मग पाटी मागाहून तर बसवलेली नाही ना, म्हणून कडेने बोटही फिरवून पाहिलं.

"यंदाचीच आहे," ते म्हणाले.

"बरं झालं," शैलाबाई म्हणाल्या. गाड्या विकणाऱ्या कंपनीच्या यार्डातल्या पत्र्याच्या सावलीत त्यांची व्हीलचेअर लावली होती. मांडीवर पूजेचं ताट. कुंकू, अक्षता, नारळ आणि चाकांखाली ठेवायची चार लिंबं.

अडतीस वर्षं सुलतान बाजारात वकिली केलेल्या माणसाने तारखेच्या बाबतीत हयगय करणं शक्यच नव्हतं. पहिली कॅम्पर व्हॅन, आत झोपायची सोय असलेली, डिसेंबरातच यार्डात उभी होती. धनुर्मासात वाहन घरी आणायचं नाही, म्हणून त्यांनीच ती संक्रांतीपर्यंत थांबवली. संक्रांत झाल्यावर न्यायला आले तर बिलावर नवं साल आणि पाटीवर गेल्या सालचा नोव्हेंबर. झालं! श्रीनिवासराव किल्ली टेबलावर ठेवून अंबरपेठला परतले आणि नोटीस लिहायला बसले. एकूण तीन नोटिसा गेल्या. तिसरीनंतर कंपनी नमली. आज चैत्रात यंदाच्या सालाची गाडी यार्डात आली होती. गेले तीन महिने ते दहा वर्षांनी तरुण दिसत होते, असं शैलाबाईच फोनवर बहिणीला सांगायच्या.

ती बहीण नांदेडला. सुशीलाबाई, वय चौऱ्याऐंशी, गुडघ्यांनी घरात बसलेल्या. इकडे अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून शैलाबाईंना अर्ध्या तासापेक्षा जास्त बसवत नाही, आडवंच व्हावं लागतं. चार वर्षं दोघी एकमेकींना फोनच्या काचेत बघतात. गाडी घ्यायची ती एवढ्याचसाठी. सुशीलाबाईंनी तर उंबऱ्याशी सिमेंटचा उतारही करून घेतला होता.

सेल्समन अझहरने दार उघडलं. "देखो अंकल. नया डिझाइन!"

आधीच्या गाडीचं दार बाजूला सरकायचं आणि खाली फळी टाकली की खुर्ची सरळ आत जायची. हे दार अरुंद होतं. खाली तीन पायऱ्या होत्या. आधीच्या गाडीत जिथे पलंग होता तिथे समोरासमोर दोन बाक आणि मधे पक्कं बसवलेलं टेबल.

"बेड किधर गया?" श्रीनिवासरावांनी विचारलं.

अझहरने वर बोट केलं. ड्रायव्हरच्या डोक्यावर फळीवर गादी घातली होती. तिला एक सुबक शिडी लावली होती.

"इस साल से ऊपर कर दिए. नीचे जगह खुली हो गई ना."

"वो पुराना नीचेवाला होना हमकू."

"वो तो पिछले साल का मॉडल था अंकल. कंपनी बंद कर दी. आप जो छोड़े ना, वो गाडी करीमनगर के एक साब दुसरेच हफ्ते में ले गए." अझहर चांगला माणूस होता. त्याने आवाज खाली आणला. "आपइच लिखे थे."

त्याने फाइल उघडून तिसरी नोटीस पुढे धरली. एका वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारली होती. 'चालू वर्षाचे मॉडेल, त्यात उत्पादकाने केलेल्या सर्व बदलांसह.' मूळ इंग्रजीतलं ते वाक्य श्रीनिवासरावांनी मनातल्या मनात मराठीत वाचलं. हे वाक्य लिहायला त्यांना एक अख्खी दुपार लागली होती. जुन्याच गाडीवर नवी पाटी ठोकून देतील, ही भीती होती. वाक्य चोख होतं. पळवाट कुठेच नव्हती.

"अंदर का काम बदल के देते?"

"पासिंग में अटकेगी, अंकल. आंटी कू हम दो जन मिल के उठा के चढाते."

"चढवून निजवाल कुठे, बाबा?" शैलाबाई शांतपणे म्हणाल्या. "नक्को."

श्रीनिवासराव भिंग हातात घेऊन उभे राहिले. आपल्याला वाईट वाटायला हवं, हे त्यांना कळत होतं. ते वाटायची त्यांनी थोडा वेळ वाटही पाहिली. काहीच वाटलं नाही. भिंगाची काच मळली आहे असं मात्र वाटलं, म्हणून त्यांनी ती रुमालाने पुसली.

"अहो, सही करायची ना?" शैलाबाईंनी विचारलं. "मुहूर्त टळेल."

त्यांनी ताबा घेतल्याची सही केली. नेहमीच्या सवयीने खाली तारीख घातली.

अझहरने चाकांखाली लिंबं ठेवली. श्रीनिवासरावांनी खुर्ची ढकलत गाडीपाशी नेली. शैलाबाईंनी कुंकवात बोट बुडवून हात वर केला. बॉनेटपर्यंत तो पोचेना. पहिल्या पायरीपर्यंत पोचला. तिथेच त्यांनी स्वस्तिक काढलं, जरा वाकडं आलं, आणि वर चार अक्षता टाकल्या.

ताटाखाली फोन वाजला. सुशीलाबाईंचा होता. कानाने कमी ऐकू येतं, म्हणून त्या नेहमी ओरडूनच बोलत.

"आली का गं गाडी?"

"आली ताई. यंदाची आहे. ह्यांनी पाटी वाचून घेतली."

"मग निघताय कधी? उतार वाळला इथला!"

श्रीनिवासराव पाटीकडे बघत होते. शैलाबाईंनी कुंकवाचं बोट पदराला पुसलं.

"तू जेवलीस का ताई?" त्यांनी विचारलं.